डोळे मिचकावणं, नाक उडवणं, तोंड वाकडं होणं: चेहऱ्याच्या टिक्सचं करायचं काय

माझ्या पहिल्याच इंटरव्ह्यूत मी समोरच्या मॅडमना तीन वेळा डोळा मारला. म्हणजे मी नाही मारला, माझा डावा डोळा आणि गाल एकदम आखडतो, टेन्शन असलं की जास्तच, पण समोरच्याला ते कसं कळणार, त्याला डोळा मारलेलाच दिसणार ना. तिसऱ्या वेळी त्यांच्या भुवया वर गेल्या तेव्हा मीच बोलून टाकलं, सॉरी मॅडम, मला टिक्स आहेत, हे आपोआप होतं. त्या बरं म्हणाल्या, पुढचा प्रश्न विचारला, झालं. नोकरी नाही मिळाली पण ती एक्सेल येत नव्हतं म्हणून, उगाच टिक्सवर ढकलणार नाही.

सहाव्या वर्षापासून आहेत मला, आता चाळिशी आली. पहिली वीसेक वर्षं नुसतं "अरे ती सवय सोड" एवढंच ऐकलं, पुढे जे कळलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर बराच त्रास वाचला असता म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस वगैरे माझ्याकडून घेऊ नका.

आधी हे कळू द्या की ही सवय नाही

टिक म्हणजे अचानक, झटक्यात, परत परत होणारी हालचाल किंवा आवाज. चेहऱ्यावर सगळ्यात कॉमन म्हणजे डोळे मिचकावणं, मग नाक मुरडणं, ओठ ओढणं, भुवया उडवणं, जबडा बाजूला नेणं. घसा खाकरणं, नाक ओढणं, हुं हुं असा आवाज काढणं या आवाजाच्या टिक्स. बहुतेकांना 4 ते 6 वर्षांच्या आसपास सुरू होतात, 10-12 व्या वर्षी सगळ्यात जास्त असतात आणि मग मोठं होता होता बऱ्याच जणांच्या कमी होत जातात. काहींच्या जातातच, काहींच्या माझ्यासारख्या मुक्कामाला राहतात. मुलांमध्ये मुलींपेक्षा तीन-चार पट जास्त दिसतं, आणि घरात आणखी कोणाला तरी असण्याची शक्यता असते कारण आनुवंशिक भाग मोठा आहे. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया म्हणून भाग आहे, नको त्या हालचालींना ब्रेक लावायचं काम तिकडे चालतं, तो ब्रेक थोडा ढिला असतो असं साधारण समजा. आईवडिलांच्या लाडाने किंवा मारण्याने टिक्सचा आजार होत नाही.

आता ज्यांना टिक्स नाहीत त्यांना न समजणारी गोष्ट. टिकच्या आधी एक उबळ येते, खोकल्याची येते ना तशीच. माझ्या गालात आतून काहीतरी ताणल्यासारखं, भरून आल्यासारखं वाटतं आणि डोळा दाबून आखडला की अर्धा सेकंद सुटल्यासारखं वाटतं, मग परत भरायला लागतं. डास चावलाय आणि दोन्ही हात बांधून ठेवलेत असं समजा. थोडा वेळ सहन होतं, कायम नाही. म्हणूनच लोक म्हणतात "बघ, पाहुणे होते तेव्हा बरोबर थांबवलंस ना, म्हणजे तुला जमतं". हो जमतं, पण तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही चालत नाही, पाहुणे काय बोलले ते विचारा, एक शब्द आठवत नसतो. लहान मुलांना मात्र ही उबळ बऱ्याचदा जाणवत नाही किंवा सांगता येत नाही, साधारण आठ-दहा वर्षांनंतर कळायला लागते.

आणि टिक्स जागा बदलतात, हे तर कोणी सांगतच नाही. माझं डोळ्यापासून सुरू झालं, मग दोन वर्षं नाक, मध्येच मान, मग गाल. चार महिने काहीच नाही आणि मग एकदम जोरात. त्यामुळे एखादं औषध, तेल, व्यायाम, उपाय चालू केला आणि टिक्स कमी झाल्या तर लगेच त्याला क्रेडिट देऊ नका, कदाचित त्या कमी होणारच होत्या. ऑनलाइन विकणाऱ्यांचा अर्धा धंदा यावरच चालतो.

टिकच आहे का, हे नक्की करा

चेहरा हलला म्हणजे टिकच असं नाही. एकाच डोळ्याची खालची किंवा वरची पापणी बारीक फडफडते, बाहेरून कोणाला दिसतही नाही पण तुम्हाला वैताग येतो, ते बहुतेक वेळा झोप कमी, थकवा, जास्त चहा-कॉफी यामुळे होतं आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप जातं. लहान मूल अचानक खूप डोळे मिचकावायला लागलं तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, नंबर असेल, डोळे कोरडे असतील, अ‍ॅलर्जी असेल.

पन्नाशीच्या आसपास दोन्ही डोळे जोरात मिटायला लागले, उजेडात जास्त त्रास, गाडी चालवताना डोळे उघडेच राहत नाहीत असं असेल तर तो ब्लेफेरोस्पाझम असू शकतो. आणि चेहऱ्याच्या फक्त एकाच बाजूला, डोळ्यापासून सुरू होऊन गाल आणि तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत उतरत गेलेलं आखडणं, जे झोपेतही चालू राहतं, ते हेमिफेशियल स्पाझम असू शकतं, त्यात बऱ्याचदा मेंदूतून बाहेर पडतानाच चेहऱ्याच्या नसेवर एखादी रक्तवाहिनी दाबत असते. माझं एकाच बाजूला म्हटल्यावर न्यूरॉलॉजिस्टने आधी हेच डोक्यात ठेवून प्रश्न विचारले, कधीपासून, आधी कुठे होतं, झोपेत होतं का, थोडा वेळ अडवता येतं का, आधी उबळ येते का. लहानपणापासून जागा बदलत आलीय आणि अडवता येतं म्हटल्यावर टिक ठरली. हे सगळं सांगायचं कारण इतकंच की या आजारांचे उपचार वेगळे आहेत, हेमिफेशियल स्पाझमवर ती रक्तवाहिनी बाजूला करायचं ऑपरेशनही असतं, ते टिकसाठी काही कामाचं नाही.

मोठेपणी पहिल्यांदाच तोंड, जीभ, ओठ हलायला लागले असतील तर कुठली औषधं चालू आहेत ते डॉक्टरांना सांगा. मानसिक आजारावरची काही औषधं आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड बरेच दिवस घेतल्यावर असं होऊ शकतं. हालचालीबरोबर शुद्ध हरपणं, बोलणं अडखळणं, हातापायात ताकद कमी वाटणं असलं काही असेल तर वाट बघू नका, लगेच जा.

डॉक्टरकडे जाताना एक काम नक्की करा, मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. कारण डॉक्टरसमोर बसलं की टिक्स हमखास गायब होतात, माझ्या आईला दोनदा "काही नाहीये मुलाला" असं ऐकून परत यावं लागलं होतं. टिकचं निदान बघून आणि विचारूनच होतं, रक्त तपासून किंवा एमआरआय काढून टिक दिसत नाही, दुसरं काही नाही ना एवढंच त्यातून कळतं. वर्ष व्हायच्या आत असेल तर ती तात्पुरती धरतात, वर्षाच्या वर गेली की क्रॉनिक. हालचालीच्या एकाहून जास्त टिक्स, आवाजाची निदान एक, वर्षाच्या वर आणि 18 च्या आत सुरुवात, हे सगळं जुळलं तर टूरेट सिंड्रोम. 1885 साली जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरने नऊ पेशंटचं वर्णन केलं होतं, त्यावरून ते नाव. नाव ऐकून घाबरू नका, टूरेट म्हणजे शिव्या देणारा माणूस हे डोक्यातून काढा, तसं फार थोड्यांना होतं, साधारण 10-15 टक्के.

मला खरंच उपयोग झाला तो भाग

याला सीबिट म्हणतात, टिक्ससाठी बनवलेली बिहेवियर थेरपी. तिचा गाभा म्हणजे हॅबिट रिव्हर्सल, जे अझ्रिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडलं. 2010 मध्ये 9 ते 17 वयाच्या 126 मुलांवर मोठी ट्रायल झाली, दहा आठवड्यांत आठ सेशन, त्यात सीबिट घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना चांगला फरक पडला, आणि नुसता आधार-माहिती दिलेल्या ग्रुपमध्ये पाचातल्या एकालाही नाही. आता अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या 2019 च्या गाईडलाईनमध्येही औषधाच्या आधी हेच सुचवलंय. शिकलेला थेरपिस्ट मिळाला तर उत्तम, ऑनलाइनही होतं. नाही मिळाला तरी मूळ गोष्ट समजून घ्या.

पहिलं काम, पकडायला शिकणं. एका वेळी एकच टिक घ्या, सगळ्यात छळणारी. मी नाकाची घेतली होती. आरशासमोर बसून ती मुद्दाम हळूहळू करून बघितली, स्लो मोशनमध्ये, आणि तेव्हा कळलं की नाक उडायच्या आधी माझा वरचा ओठ घट्ट होतो, त्याच्याही आधी उजव्या नाकपुडीच्या मुळाशी काहीतरी वळवळल्यासारखं होतं. इतकी वर्षं ही टिक माझ्या तोंडावर येत-जात होती आणि ती ओठापासून सुरू होते हे मला माहीत नव्हतं! मग आठवडाभर फक्त मोजायचं, थांबवायचं नाही. दिवसातली ठरलेली दहा मिनिटं, प्रत्येक टिकला कागदावर एक रेघ. यात थोडं वाईट वाटतं कारण लक्ष दिलं की टिक्स वाढल्यासारख्या वाटतात, चालतं, तेवढं सहन करा.

दुसरं काम, उबळ आली की टिकच्या बरोबर उलटी, दुसऱ्याला न दिसणारी हालचाल करायची आणि ती धरून ठेवायची, एक मिनिट किंवा उबळ ओसरेपर्यंत, जे नंतर होईल ते. नाकासाठी वरचा ओठ किंचित खाली ओढून दोन्ही ओठ हलके मिटून धरायचे आणि नाकाने सावकाश श्वास. डोळे मिचकावण्यासाठी दर तीन ते पाच सेकंदांनी मुद्दाम, हळू, मऊ पापणी मिटायची-उघडायची आणि मधून मधून नजर खाली न्यायची. डोळे ताणून उघडे धरू नका, ते सगळेच आधी करतात आणि मग डोळे कोरडे होऊन आणखी मिचकावायला होतं. तोंड वाकडं होत असेल, जबडा बाजूला जात असेल तर ओठ मिटून दात हलके टेकवून जबडा सरळ धरायचा. मान झटकत असेल तर हनुवटी थोडी आत घेऊन मान लांब ठेवायची, स्नायू जेमतेम ताणायचे. यातलं काहीही ताकदीने नाही करायचं, मी पहिल्या दोन दिवसांत इतके जोरात ओठ दाबले की संध्याकाळपर्यंत जबडा दुखायला लागला.

पहिल्या दिवशी मी टायमर लावून बसलो. उबळ आली, ओठ खाली, श्वास चालू. पंधराव्या सेकंदाला वाटलं आता नाक फुटेल. पंचविसाव्याला टिक झालीच. परत. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात चाळीस सेकंदांच्या पुढे गेलो आणि एकदम लक्षात आलं की उबळ नाहीये, म्हणजे मी हरवली नाही तिला, ती स्वतःच उतरली. तोवर माझी समजूत अशी होती की टिक केली तरच उबळ जाते, नाहीतर वाढतच राहते. ती चढते, वर जाऊन थांबते आणि खाली येते, टिक न करता पण! दाबण्यात आणि यात हाच फरक वाटतो मला, दाबताना आपण "होऊ नको होऊ नको" करत सगळं अंग आवळून बसतो, इथे एकच छोटं काम करायचं आणि उबळीला येऊ द्यायचं. आणि काही जण घाबरवतात की अडवल्या तर नंतर दुप्पट येतील, तर प्रयोगांमध्ये तसं दुप्पट होताना दिसलेलं नाही. मुलं शाळेतून घरी आली की टिक्स सुटतात हे मात्र बरेच आईवडील सांगतात, पण घरी ती थकलेली असतात आणि मोकळी पण.

तिसरा भाग आजूबाजूचा. कधी वाढतात, त्यानंतर लगेच काय होतं हे लिहून काढायचं. आमच्या घरी मी अभ्यासाला बसलो की टिक्स वाढायच्या, आई म्हणायची राहू दे आज, जा खेळायला. तिची माया होती त्यात, पण अभ्यास आणि टिक्सची गाठ पक्की बसली ना! टिकवरून ओरडायचं नाही तसंच टिकमुळे काम माफही करायचं नाही, पाच मिनिटं ब्रेक द्यायचा आणि परत बसवायचं. दुसऱ्या बाजूने, लक्ष पूर्ण कशात तरी लागलं की टिक्स कमी होतात. टिम हॉवर्ड हा अमेरिकेचा माजी फुटबॉल गोलकीपर, त्याला टूरेट आहे, 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये बेल्जियमविरुद्ध एकाच मॅचमध्ये त्याने डझनभराहून जास्त शॉट अडवले. माझ्याकडे गोल नाही पण मी पेटी वाजवतो, त्या अर्ध्या तासात गाल शांत असतो.

अपुरी झोप, ताण, आजारपण, अगदी आनंदाची एक्साइटमेंटसुद्धा, सगळ्याने वाढतात. यावर उपाय तुम्हाला माहीतच आहेत, झोपा वेळेवर, पुढे जाऊ.

औषधं कधी

टिक्स दिसतात म्हणून औषध घ्यायची गरज नाही, त्रास होत असेल तर घ्यायचं. दुखतंय, वाचता येत नाही, मूल शाळेत जायला नको म्हणतं, लोकांत जाणं बंद झालंय, असं असेल तर. टिक मुळापासून बरी करणारं औषध नाहीये, कमी करणारी आहेत, आणि शून्य करायच्या नादात डोस वाढवत गेलं की साइड इफेक्टच जास्त होतात.

मुलांमध्ये बऱ्याचदा आधी क्लोनिडीन किंवा ग्वानफेसीन देतात, मूळची बीपीची औषधं, सोबत एडीएचडी (लक्ष न लागणं, अति चंचलपणा) असेल तर त्यालाही मदत होते. झोप येते, बीपी उतरू शकतं, आणि मनाने अचानक बंद करायची नाहीत, बीपी उसळतं. त्याने नाही भागलं तर अ‍ॅरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन अशी डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी, जुन्यातलं हॅलोपेरिडॉल. ही जास्त जोरदार आहेत पण वजन वाढणं, सुस्ती, बेचैनी, अंग आखडणं हे होऊ शकतं आणि खूप काळ घेतली तर तोंडाच्या वेगळ्याच हालचाली सुरू होण्याचा धोका असतो, म्हणून कमीत कमी डोस आणि दर काही महिन्यांनी डॉक्टरांशी "अजून लागतंय का" ही चर्चा. मी दोन वर्षं घेतलं, टिक्स निम्म्यावर आल्या, वजन आठ किलो वाढलं, मग डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केलं. घेतल्याचा पश्चात्ताप नाही, त्या वेळी गरज होती.

एकच ठरावीक टिक जोरात असेल, समजा डोळा किंवा कपाळ, तर तिथे बोटॉक्सचं इंजेक्शन हा ऑप्शन आहे. काही दिवसांत लागू पडतं, साधारण तीनेक महिने टिकतं, मग परत. काहींची त्या जागेची उबळसुद्धा कमी होते. पापणी काही दिवस खाली लोंबू शकते, त्यामुळे ज्याचा हात या कामात बसलेला आहे अशा डॉक्टरकडूनच, ब्युटी पार्लरमध्ये नाही. मेंदूत इलेक्ट्रोड बसवायची सर्जरी पण आहे, ती अगदी गंभीर आणि बाकी सगळं करून थकलेल्यांसाठी, चेहऱ्याच्या साध्या टिक्ससाठी तिचा विचारच करायचा नाही.

एक महत्त्वाचं. टिक्सबरोबर एडीएचडी, ओसीडी (नको ते विचार परत परत येणं, तीच कृती परत परत करावीशी वाटणं), चिंता यातलं काहीतरी बऱ्याच जणांना असतं आणि अनेकदा टिकपेक्षा त्याचाच त्रास जास्त असतो, फक्त टिक डोळ्यांना दिसते म्हणून सगळे तिच्या मागे. मार्क कमी पडतायत ते टिकमुळे नाही, लक्ष लागत नाही म्हणून असू शकतं. ते आधी बघा. एडीएचडीच्या औषधाने टिक्स वाढतील या भीतीने ते टाळलं जातं, बहुतेक मुलांमध्ये तसं होत नाही, डॉक्टरांशी बोलून ठरवा.

लोकांचं काय करायचं

मुलाच्या टिक्स असतील तर घरच्यांना एकच नियम, टिकवर कमेंट नाही. "परत केलंस", "डोळे नीट ठेव", नुसतं टक लावून बघणं, यातलं काही नाही. आजी-आजोबांना सांगायला अवघड जातं, पण सांगा. भावंडं नक्कल करतात, माझी बहीण इतकी परफेक्ट करायची की मलाच उबळ यायची. शाळेत वर्गशिक्षकांना आधीच भेटून सांगा की मुद्दाम करत नाही, वर्गात सगळ्यांसमोर थांबव म्हणू नका, परीक्षेत लागला तर थोडा जास्त वेळ किंवा वेगळी खोली द्या.

मोठ्यांनी एक वाक्य पाठ करून ठेवायचं. माझं हे आहे, "मला टिक्स आहेत, चेहरा आपोआप हलतो, संसर्ग नाही, लक्ष नका देऊ." चार सेकंद लागतात. नवीन ऑफिस, पहिली डेट, मुलाखत, कुठेही पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतो. लपवायच्या प्रयत्नात जेवढा ताण येतो ना, तोच गालात उतरतो, सांगितलं की निम्मं काम तिथेच होतं. तरी कोणी हसलं तर हसलं, आपण काही त्याला डोळा मारलेला नाही.

व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चेहरा दिसायचा बंद करा, सेटिंगमध्ये असतं, दिवसभर स्वतःच्या टिक्स बघत बसलं की डोकं तिथेच राहतं. डोळे फार मिचकावले जातात त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्सपेक्षा चष्मा बघावा, मानेच्या टिक असणाऱ्यांनी रात्री शेक घ्यावा. आणि ग्रुप फोटो काढणाऱ्याला आधीच सांगायचं, बर्स्टवर ठेव. पंधरातल्या तीन-चारमध्ये माझा डोळा उघडा असतोच, उरलेल्यांत मी सगळ्या नातेवाइकांकडे बघून डोळा मारतोय.